मोईवाडीच्या हद्दीचा दगड

मी हद्दीचा दगड बोलतोय. जरा जवळ या, पण हातात टेप असेल तर तिथंच थांबा. टेप घेऊन आलेल्या माणसावर मी विश्वास ठेवत नाही. तसा टेप न घेता आलेल्यांवरही फारसा ठेवत नाही.

सध्या माझा मुक्काम पुण्यात, वनखात्याच्या एका कचेरीच्या मागच्या आवारात आहे. माझ्या एका बाजूला जप्त केलेली खैराची लाकडं, दुसऱ्या बाजूला चाकं नसलेली जीप. येणारे-जाणारे माझ्याकडे गुन्हेगारासारखं बघतात. मी चोर नाही. मी चोरीचा माल आहे. आता जमिनीत कमरेपर्यंत गाडलेला दगड कोण कशाला चोरेल, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटायचं.

सिंहगडापासून पूर्वेकडे डोंगरांची एक रांग जाते. तिच्या पुण्याकडच्या उतारावर मोईवाडी नावाचं लहानसं गाव आहे. माझा जन्म तिथल्याच डोंगरात झाला. आमची जात काळा पत्थर. तापलेला रस एकावर एक थरांनी पसरला आणि निवला, तो आमचा डोंगर. दोन थरांच्या मधून पावसाचं पाणी हळूहळू वाट काढतं आणि कुठंतरी बाहेर येतं. मोईवाडीच्या वर असाच एक झरा होता. गावातले त्याला झिरा म्हणत. मे महिन्यातही त्यात घागर बुडेल एवढं पाणी असायचं.

जंगल म्हणाल तर दाट, काळोखं वगैरे नव्हतं. मोई, सालई, धावडा, खैर, मधूनच एखादी गणेरी. पावसाळ्यात हिरवंगार आणि मार्चात नुसत्या काड्या. त्या काड्या बघून शहरातल्या माणसाला वाटतं, हे रान मेलेलं आहे, इथं काहीतरी चांगलं करायला हवं. या गैरसमजावर पुढं अनेकांनी पोटं भरली.

साहेबाच्या अमलात रानाची मोजणी झाली. वडारांनी मला डोंगरातून काढला, चार बाजूंनी घडवला आणि माझ्या कपाळावर सतराचा आकडा कोरला. माझ्या अलीकडं सोळा, पलीकडं अठरा. पायात दगडगोटे आणि चुना ठेचून मला उभा केला तेव्हा गावातला एक माणूस मोजणीदाराला विचारत होता,

"आजपासनं दगडाच्या वरचं कुणाचं?"

"सरकारचं."

"आन खालचं?"

"तुमचं."

"आन कालपतूर?"

मोजणीदार साखळी गुंडाळत होता. ती खांद्यावर टाकून तो पुढच्या दगडाच्या जागेकडं निघाला. तेव्हापासून मला शंका आहे, की माझं काम ज्यांनी ठरवलं त्यांनाही ते पुरतं पटलेलं नव्हतं.

जनावरांना माझं काही वाटत नसे. साळिंदर माझ्या पायाशी उकरायचं. तरस येता-जाता मला अंग घासून आपला वास ठेवून जायचा, कारण त्याच्या लेखी ती हद्द त्याची होती. माणसं मात्र माझ्यासमोर आली की त्यांची नजर बदलायची. एक डोळा वर, एक डोळा खाली. बाईच्या डोक्यावर मोळी असेल तर ती आधी मला बघायची, मग आजूबाजूला. रखवालदार आधी मोळीला बघायचा, मग बाईला.

अशीच एकदा प्रेमलाच्या बापाची गाय वर गेली.

प्रेमला तेव्हा सात-आठ वर्षांची होती. गाय राखायला तीच होती. ती करवंदं खात बसली आणि गाय मला ओलांडून पंधरा-वीस पावलं वर चरायला गेली. रखवालदारानं ती हाकून कोंडवाड्यात नेली. बाप सोडवायला गेला तेव्हा त्याच्याकडं दंड भरायला काही नव्हतं. गाय लिलावात गेली. बाप घरी परतला, पोरीला एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगी एकटीच माझ्यापाशी आली, तोंडात थुंकी गोळा केली आणि माझ्यावर थुंकली.

पुढं ती लग्न होऊन गेली, नवरा वारल्यावर लेकीला घेऊन पुन्हा माहेरी आली, भावाच्या घरी राहिली. शेरडं घेऊन रोज माझ्यावरून जायची. रोज थुंकायची. मला राग नव्हता. उलट एवढ्या वर्षांत माझ्याशी प्रामाणिकपणे वागलेलं ते एकच माणूस.

मधल्या काळात डोंगर बदलला. बाहत्तरच्या दुष्काळात माणसांनी उतारभर चर खणले. त्यात पाणी मुरायचं, ते काम चांगलं झालं. पण पूर्वीचे धावडे-सालई कोळशाला गेलेच होते. त्यांच्या जागी गिरिपुष्प नावाचं परदेशी झाड आलं. भराभर वाढणारं, दिसायला हिरवं. त्याच्यावर पक्षी घरटं बांधताना मी क्वचितच पाहिला. तरस कधी यायचा थांबला ते सांगता येत नाही. कुणी मारला, की तो स्वतःच निघून गेला? मला मारल्याचाच संशय आहे.

झिऱ्यापाशी मात्र जुनं रान थोडं उरलं होतं. दोन मोठ्या मोई, एक उंबर, खाली ओल. माझ्यापासून वर चाळीस पावलांवर.

मग मोईवाडी महापालिकेत गेली. बस आली, दिव्याचे खांब आले आणि खांबांवर प्लॉटच्या जाहिराती आल्या. प्रेमलाचा भाऊ वारला होता. त्याचा मुलगा संपत आता घरचा कारभारी. माझ्या खालची जमीन त्याची. एके सकाळी तो एका माणसाला घेऊन वर आला. माणसाचं नाव इंद्रजीत. पायात पांढरेशुभ्र बूट, मातीत पाय टाकताना तो ते जपत होता. तो एका बिल्डरकडं कामाला होता.

"संपतराव, तुमची जमीन छान आहे, प्रश्नच नाही," इंद्रजीत म्हणाला, "पण तो वरचा झरा आत आला असता ना, तर प्रोजेक्टची लेव्हलच वेगळी झाली असती. नॅचरल स्प्रिंग! पुण्यात कुणाकडे आहे?"

"तो फॉरेस्टमधी हाय."

"हे कुणी ठरवलं?"

संपतनं माझ्याकडं बोट दाखवलं. इंद्रजीत वाकला, सतराच्या आकड्यावरून त्यानं अंगठा फिरवला.

"हा? हा तर नुसता रोवलेला आहे."

दोघं एकदा माझ्याकडं, एकदा वर झिऱ्याकडं बघायला लागले. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण एवढी वर्षं मी इतक्यांवर संशय घेतला होता, की खरोखर घ्यायची वेळ आली तेव्हा तो नेहमीसारखाच वाटला.

जुलैमध्ये वृक्षारोपणाचा कार्यक्रम ठरला. मंडप, बॅनर, शाळेची मुलं, वडापाव. खड्डे करायला जेसीबी आणलं होतं. डोंगरावर झाडं लावायला जेसीबी, हे मला पटलं नव्हतं, पण दगडाला कोण विचारतो? खाली भाषणं सुरू झाली. निसर्ग आपली आई आहे, असं कुणीतरी म्हणत होतं. त्याच वेळी जेसीबी माझ्याकडं वळलं. भर दिवसा, दोनशे माणसं खाली टाळ्या वाजवत असताना, माझ्या कमरेला साखळी पडली.

जेसीबी चालवणारा खाली उतरला. "साहेब, ह्याच्यावर नंबर हाय."

"जुना दगड आहे, हलतोय. नीट बसवायचाय," इंद्रजीत म्हणाला. "डिपार्टमेंटला माहितीये."

माहीत होतं का? तेव्हाचा वनरक्षक मंडपात पहिल्या रांगेत बसला होता आणि त्याची पाठ डोंगराकडं होती. मी आजही ठरवू शकलेलो नाही, की तो मुद्दाम तसा बसला होता की खुर्चीच तशी मांडली होती.

मला नव्वद पावलं वर नेऊन रोवलं. अंगाला चुना फासला, आकडा लाल रंगानं भरला. माझ्या मूळ जागी एक वडाचं रोप लावून टाकलं. ते महिन्याभरात वाळलं.

आणि मी खोटं बोलायला लागलो.

दगडाचं बोलणं म्हणजे त्याचं उभं राहणं. मी उभा होतो तिथं सरकारी रान सुरू होतं, असा जगाचा समज. मला ओरडता येत नव्हतं. माझ्याकडं बोट दाखवून दिवाळीआधी कुंपण पडलं, तारेचं, काटेरी. झिरा आत गेला. प्रेमलाची शेरडं तारेपाशी थांबायची, ओरडायची आणि परत फिरायची. मे महिन्यात एक भेकर पाण्याच्या वासानं आलं आणि तारेत अडकलं. दुपारभर झटापट करत होतं. वॉचमननं पाहिलं तेव्हा ते मेलेलं होतं. ते तिथं अडकलं, कारण मी चुकीच्या जागी उभा होतो. याबद्दल मला कुणी काही म्हणालं नाही, हे आणखी वाईट.

दोन पावसाळे गेले. चुना उतरला. मग बदली होऊन नवीन वनरक्षक आली, भाग्यश्री. गोंदियाकडची मुलगी, अंगावर खाकी, हातात मोबाइल आणि जुन्या नकाशाची घडी पडलेली प्रत. मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. नवे लोक पहिल्या महिन्यात फार फिरतात, फोटो काढतात. दुसऱ्या महिन्यात त्यांना रस्त्यावरूनच सगळं दिसायला लागतं.

ती मात्र माझ्यापाशी बराच वेळ थांबली. नकाशा बघितला, मोबाइल बघितला. मग माझ्याभोवती एक फेरी मारली आणि माझ्या दक्षिणेकडच्या अंगावर हात ठेवला. तिथं दगडफूल होतं, वाळून पांढरं पडलेलं.

"हे उन्हाच्या बाजूला कसं आलं?" ती स्वतःशीच म्हणाली.

मी शंभर वर्षांहून जास्त काळ जे अंग उत्तरेकडं, सावलीत ठेवून उभा होतो, त्यावर ते वाढलं होतं. रोवताना मला उलटा फिरवलाय हे इंद्रजीतच्या ध्यानात आलं नव्हतं. कुणाच्याच आलं नव्हतं.

तिनं विचारलं तेव्हा इंद्रजीत हसला. "मॅडम, मोबाइलच्या जीपीएसमध्ये एरर असते. जुना नकाशा साखळीनं मोजलेला, त्यातही एरर. आणि शेवाळावर केस उभी राहत नाही. दगड समोर आहे ना? दगड काय खोटं बोलेल?"

सोळा जागेवर होता, पण अठरा कधीच रस्त्याखाली गेला होता, त्यामुळं रेषा ओढायला दुसरं टोक नव्हतं. जुना वनरक्षक सेवानिवृत्त होऊन फोन उचलत नव्हता. गावात भाग्यश्री ज्याला विचारी तो म्हणे, आम्ही काय वर जातो व्हय?

शेवटी ती प्रेमलाला भेटली. माझ्यासमोरच. शेरडं चरत होती, म्हातारी सावलीला बसली होती.

"आजी, हा दगड आधीपासून इथंच होता का जी?"

"तुमच्या खात्याशी मी बोलत न्हाय."

"का?"

"माज्या बापाला इचार."

"ते आहेत?"

"न्हाय."

भाग्यश्री तिथंच खाली बसली. नकाशाची घडी तिनं बाजूला ठेवली. मग म्हणाली, "माझ्या आज्याचा बैल नेला होता खात्यानं. मी नोकरीला लागली तेव्हा आज्यानं दोन दिवस जेवण नाही केलं."

प्रेमलानं पहिल्यांदा तिच्याकडं नीट पाहिलं. पण उठली, शेरडं हाकली आणि गेली. मला वाटलं, झालं. आणि खरं सांगायचं तर भाग्यश्रीचा तो आजा खरा होता की बोलता-बोलता रचलेला, असाही एक विचार माझ्या मनात येऊन गेला.

मोजणीचा दिवस ठरला. अधिकारी आले, पंच आले, गावातले दहा-बारा जण आले. संपत पुढं होता. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"साहेब, आमच्या आजोबांपासनं हा दगड हितंच हाय. सगळ्या गावाला इचारा."

सगळं गाव आपापल्या चपला बघत होतं.

"आजोबांपासनं व्हय रं?"

प्रेमला मागून चढत येत होती. दम लागला होता. तिला कुणी बोलावलं नव्हतं. संपतचा चेहरा उतरला.

"आत्ये, तू घरी जा. ह्यात तुजं काय काम न्हाय."

"तुजा आजा म्हंजी माजा बाप. त्याचं नाव घेतलंस, म्हणून आले." ती अधिकाऱ्यांकडं वळली. "हा दगड हितला न्हाय. ह्याची जागा खाली हाय."

"आजी, नक्की सांगता येईल?" अधिकाऱ्यांनी विचारलं. "डोंगर सगळीकडे सारखाच दिसतो."

"आवो साहेब, सत्तर वर्सांत सासरचे दिस सोडले तर मी रोज ह्याच्यावर थुंकले. ज्याच्यावर रोज थुंकायचं त्याची जागा माणूस इसरंल व्हय?"

कुणीतरी हसलं. प्रेमला उतरायला लागली. मागं सगळे. मी वरून बघत होतो. ती झिऱ्यावरून गेली, चाळीस पावलं खाली गेली, एकदा डावीकडं सरकली आणि त्या वाळलेल्या वडाच्या काडीपाशी काठी टेकली.

"हितं खणा."

हातभर खणल्यावर ठेचलेले गोटे लागले आणि चुन्याचे पांढरे खडे. चौकोनी खड्डा, माझ्या पायाच्या मापाचा. जुना नकाशा त्या जागी बरोबर जुळला.

मी तेव्हाही संशयच घेत होतो. म्हातारीला जमिनीत हिस्सा दिला नसेल. संपतच्या बायकोशी भांडण झालं असेल. माणूस उगीच घरच्याविरुद्ध बोलत नाही. सगळे पुन्हा वर माझ्यापाशी आले आणि पंचनामा सहीसाठी तिच्यासमोर धरला. एकेक अक्षर काढून तिनं पूर्ण नाव लिहिलं. मग भाग्यश्रीनं हळूच तेच विचारलं, जे मला विचारायचं होतं.

"आजी, का केलं तुम्ही हे? घरी काय होईल?"

"काय व्हायचं ते व्हईल." प्रेमलानं पेन परत दिलं. "माज्या बापाची गाय ह्या हद्दीपायी गेली. मी करवंदं खात बसले म्हणून गेली. बाप मेला तरी मला कधी बोलला न्हाय. आता ही म्हणत्यात हद्द कुठं बी सरकवली तरी चालती. मग गाय फुकटच गेली की गं."

मला माझ्या सगळ्या संशयांची लाज वाटली. अशी पूर्वी कधी वाटली नव्हती.

कुंपण निघालं. माझ्या जुन्या जागी सिमेंटचा नवा खांब आला. बिल्डरवर खटला भरला. मी पुरावा, म्हणून मला टेम्पोत घालून शहरात आणला. तारीख लागेल तेव्हा दाखवायला. संपतनं मोजणीच्या दिवशी संध्याकाळीच आत्याची पेटी अंगणात आणून ठेवली. ती आता विश्रांतवाडीला मुलीकडं असते, तिसऱ्या मजल्यावर. शेरडं विकली. भाग्यश्रीची बदली झाली. नियमित बदली, म्हणतात. मी काही म्हणत नाही.

परवा प्रेमला इथं आली होती. कोर्टाच्या तारखेला दोन बस बदलून ती आधी इथं येते, इथूनच तिला कोर्टात नेतात. कचेरीत बसायला सांगतात, पण ती आवारात येऊन माझ्यावरच बसते, फडक्यातली भाकरी सोडते. बरोबर आलेली मुलगी म्हणाली, डोंगरावर जाऊन आलीस का आई? तर ती म्हणाली, गेले होते. झिऱ्याला पाणी न्हाय. खाली संपतच्या जमिनीत सहा बोअर घेतलेत. त्यांच्या हद्दीत, रीतसर. वरचं रान आपलं राहिलं आणि त्याचं पाणी खालून गेलं. उंबराची पानं अवेळी गळतायत म्हणे.

त्या दिवशीही तारीख पुढं गेली. समोरच्या वकिलांना आणखी वेळ हवा होता. ही पाचवी वेळ. प्रेमला कोर्टातून परत आली, गुडघ्यावर हात ठेवून माझ्यावर बसली आणि मुलीला म्हणाली, "पुढच्या टायमाला रिक्षा करू. बस आता चढवत न्हाय."

मला घाई नाही. मी अजून हजार वर्षं असाच राहीन. पण मी पुरावा असलो तरी साक्ष माझी नाही. मी कुठं उभा होतो हे मला सांगता येत नाही, ते फक्त तिलाच सांगता येतं. आणि तिनं ते अजून कोर्टात सांगितलेलं नाही. तारखा का पुढं जातायत, याचा मला दाट संशय आहे. ते माझ्या झिजण्याची वाट बघत नाहीयेत.

म्हणून तुमच्यापैकी कुणाच्या हातात काही असेल, तर एवढं करा. माझ्याकडं नंतर बघा, मी कुठंही जात नाही. आधी तिला आत बोलवा, बसायला खुर्ची द्या, आणि ती काय सांगते ते लिहून घ्या.